पंडिता रमाबाई आणि अंतरींची साक्ष

ईश्वर आहे हें कशावरून मानावयाचें, असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी पुष्कळदां विचारतात, आणि तो विचारण्यांत कांहीं गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याला विचार करण्याची शक्ति मिळाली आहे त्यानें ती याच एका विषयापुरती मिटून ठेवणें उचित नव्हे. या प्रश्नास ख्रिस्ती विचारवंतांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. कोणी सृष्टीच्या रचनेकडे बोट दाखविलें, तर कोणी प्रत्येक कार्यास कारण असावें लागतें या नियमाचा आधार घेतला. आज आम्ही ज्या उत्तराचा विचार करणार आहों तें याहून जवळचें आहे. त्यासाठीं आकाशाकडे दुर्बीण लावावी लागत नाहीं. मनुष्यानें आपल्याच अंतःकरणांत डोकावून पाहिलें म्हणजे पुरे. त्या उत्तराचें नांव सदसद्विवेकबुद्धि.

एक साधें उदाहरण घेऊं. परीक्षेंत एका मुलानें शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंत पाहून गणित सोडविलें. शिक्षकांच्या तें ध्यानांत आलें नाहीं, सोबत्यांस कळलें नाहीं, गुण पुरते मिळाले, घरीं आईबापांनीं कौतुक केलें. सर्व बाजूंनीं लाभच झाला. तरी रात्रीं अंथरुणावर पडल्यावर त्या मुलाच्या मनास कांहीं तरी टोंचतें. त्याला लाज वाटते. ही लाज कोणापुढें? भिंतीपुढें कोणी मान खालीं घालीत नाहीं. आपल्या पायानें दगड फुटला तर आपणांस त्या दगडाची लाज वाटत नाहीं. लाज ही नेहमीं कोणापुढें तरी वाटते. मग ज्या खोलींत दुसरें कोणी जागें नाहीं तेथें हा मुलगा कोणापुढें मान खालीं घालीत आहे? आणि जी आज्ञा त्याच्या इच्छेच्या व लाभाच्या विरुद्ध त्याला बजावते, ती त्याची स्वतःचीच कशी म्हणावी?

इ. स. ५७ च्या सुमारास पौलानें रोम येथील मंडळीस जें पत्र लिहिलें त्यांत, ज्यांना मोशेचें नियमशास्त्र मिळालें नव्हतें त्यांच्याहि मनांत धर्माधर्माचा नियम वसत असतो, असें प्रतिपादन केलें आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानें १७८८ सालच्या आपल्या ग्रंथांत कर्तव्याच्या जाणिवेवरून ईश्वरावरील श्रद्धेकडे जाणारी वाट दाखविली. इंग्लंडांतील जॉन हेन्री न्यूमन यांनीं १८७० सालीं, भय, लाज व पश्चात्ताप या भावना कोणा व्यक्तीपुढेंच संभवतात, या गोष्टीवर विशेष भर दिला. हे विचार ग्रंथांत वाचतांना कठीण वाटतात. परंतु आपल्याच महाराष्ट्रांतील एका स्त्रीच्या आयुष्यांत ते प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचें चरित्र आम्ही येथें याच एका दृष्टीनें सांगणार आहों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. हें ठिकाण आज कर्नाटक राज्यांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे व्यासंगी होते. स्त्रियांसहि संस्कृत विद्या मिळावी असें त्यांचें मत होतें, आणि तें त्यांनीं नुसतें बोलून न दाखवितां पत्नी लक्ष्मीबाई यांस स्वतः शिकविलें. त्या काळच्या समाजास हें मानवणारें नव्हतें. उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें उभें राहून शास्त्रीबोवांस आपल्या कृत्याचें समर्थन करावें लागलें, व तें त्यांनीं शास्त्रांच्याच आधारें केलें. लक्ष्मीबाईंनीं पुढें आपल्या धाकट्या मुलीस शिकविलें. रमाबाईंस लहान वयांतच भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत होते. जी गोष्ट योग्य ठरली ती जगाच्या नापसंतीस न भितां करावी, हा धडा या मुलीस घरांतच मिळाला.

पुढें या कुटुंबास दारिद्र्य आलें. तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत तें गांवोगांव फिरूं लागलें. १८७४ नंतरच्या वर्षांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, त्यांत थोड्याच महिन्यांच्या अंतरानें रमाबाईंचे वडील, आई व थोरली बहीण हीं मृत्यु पावलीं. या प्रसंगाविषयीं रमाबाईंनीं पुढें आत्मकथनांत जें लिहिलें त्यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यांनीं केवळ दैवाला बोल लावला नाहीं. अंगमेहनतीचें काम करण्यास किंवा हात पसरण्यास आपल्या घराण्याचा अभिमान आड आला, हें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें. उपाशी मरणाऱ्या मनुष्यास जग दोष देत नाहीं. ज्याला दोष देण्यास जगांत कोणी उरलेलें नाहीं, त्याचें अंतर त्याला असें हिशेबास कां बोलावितें, याचा विचार वाचकांनीं करावा.

मागें उरलीं रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवास. या दोघांनीं हिंदुस्थानभर हजारों मैल पायीं प्रवास केला. काश्मीरांत झेलमच्या कांठीं थंडीचें निवारण करण्यास पांघरूण नव्हतें, म्हणून वाळूंत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनीं रात्र काढली. १८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. काल जिला खावयास नव्हतें तिच्या नांवाचा आज देशभर गाजावाजा झाला.

आतां पुढील गोष्ट पाहा. स्त्रियांपुढें व्याख्यानें द्यावीं म्हणून कलकत्त्याच्या सुधारकांनीं रमाबाईंस धर्मशास्त्रें वाचावयास सुचविलें. त्यांनीं तीं वाचलीं. अनेक बाबतींत या ग्रंथांचें परस्परांशीं जुळत नाहीं, परंतु स्त्रीची व शूद्राची योग्यता हलकी मानण्यांत मात्र त्यांचें एकमत आहे, असें त्यांस दिसून आलें. या ग्रंथांचा अर्थ कसा करावा याविषयीं पंडितांत पूर्वींपासून मतभेद आहेत आणि त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्या विद्येनें रमाबाईंस मान, पदव्या व उपजीविका दिली, तिच्याच विरुद्ध त्यांच्या अंतरांतून कांहीं तरी उठलें. हें न्याय्य नव्हे, असें त्यांस वाटलें. गप्प राहण्यांत त्यांचा सर्व प्रकारें लाभ होता. तरी त्या गप्प राहिल्या नाहींत.

१८८० सालीं भाऊ वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, यामुळें दोन्ही बाजूंच्या आप्तांचा रोष झाला. १८८१ सालीं मुलगी मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पतीचें निधन झालें. तेवीस वर्षांची ही विधवा तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आली. तेथें त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर यांच्या शिक्षण मंडळापुढें साक्ष देऊन, स्त्रियांस वैद्यकाचें शिक्षण मिळावें व मुलींस शिकविण्यास स्त्रीशिक्षक असावेत, अशी मागणी केली.

१८८३ सालीं त्या वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील मठभगिनींच्या आश्रयास राहिल्या. ऐकण्याच्या दोषामुळें वैद्यकाचा बेत सोडावा लागला. निघतांना आपण धर्मांतर करणार नाहीं असा त्यांचा निश्चय होता. हा निश्चय कशानें बदलला? मूळचे काशींतील मराठी शास्त्री व पुढें ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनानें त्यांच्या बुद्धीच्या पुष्कळ शंका दूर केल्या. परंतु मनास वळविणारी गोष्ट निराळीच होती. लंडनांतील फुलहॅम या भागांत त्या मठभगिनींनीं वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं एक घर चालविलें होतें. तें पाहावयास रमाबाई गेल्या. ज्या स्त्रियांस सारें जग दूर लोटतें, त्यांची तेथें सख्ख्या बहिणींप्रमाणें सेवा होत होती. असें त्यांनीं पूर्वीं कोठें पाहिलें नव्हतें. ही दया कोठून येते, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांस सांगण्यांत आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाई व मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. रमाबाईंस ख्रिस्ताकडे नेणारी गोष्ट चमत्कार नव्हती. एका चांगल्या कृत्याचें चांगुलपण त्यांनीं ओळखलें, ही ती गोष्ट होय. परंतु तें ओळखण्याचें माप त्यांच्या अंतरांत अगोदरच नव्हतें काय? ज्याच्या कानांत सूर नाहीं त्याला गाणें खरें लागलें कीं खोटें हें कळत नाहीं. दुष्काळांत, काश्मीरच्या वाळूंत, कलकत्त्याच्या सभेंत जें त्यांस आंतून हालवीत होतें, त्यालाच फुलहॅम येथें आपल्या ओळखीचें कांहीं भेटलें. पुकारणारा कोण हें त्यांस पूर्वीं ठाऊक नव्हतें. पुकार मात्र पूर्वींपासून ऐकूं येत होती.

आतां कोणी म्हणेल कीं, ही विवेकबुद्धि म्हणजे समाजानें लावलेलें वळण, याहून दुसरें कांहीं नाहीं. लहानपणीं आईबाप जें बरें म्हणतात तें आपणांस बरें वाटतें, व जें वाईट म्हणतात त्याचा दंश होतो. डार्विन यांनीं १८७१ सालच्या ग्रंथांत, कळपानें राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्परप्रेमांतून ही बुद्धि क्रमानें उपजली असावी, असें मांडलें. या म्हणण्यांत तथ्याचा अंश आहे हें नाकारण्याचें कारण नाहीं. बोलणें आपण आईबापांकडूनच शिकतों; तशी नीतीची पहिली बाराखडीहि त्यांच्याकडूनच शिकतों. परंतु ही बुद्धि कशी वाढली हें सांगितल्यानें तिचा हुकूम कां पाळावा हें सांगितल्यासारखें होत नाहीं. आणि ती जर समाजाचा केवळ प्रतिध्वनि असेल, तर ज्या समाजांत मनुष्य असेल त्या समाजाच्या उलट ती कधीं बोलूं नये. रमाबाईंच्या बाबतींत काय झालें तें पाहा.

इंग्लंडांत त्यांचे सर्व आश्रयदाते ख्रिस्ती होते. अन्न, वस्त्र, निवारा व शिक्षण त्यांच्याकडून मिळत होतें. कृतज्ञतेनें वांकलेल्या मनुष्यानें अशा वेळीं सांगितलें तें मान्य करावें, हेंच सोपें. परंतु जें तत्त्व मनास पटलें नाहीं त्यास होकार देणें म्हणजे लबाडी, असें रमाबाईंस वाटे. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चची मतसूत्रें, मनोरमेचें शिक्षण, अशा अनेक विषयांवर सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील व इतर वडीलमंडळी यांच्याशीं त्यांचा पुष्कळ पत्रव्यवहार झाला. मठाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, देवास संस्कृत कळत नाहीं काय, अशा आशयाचा प्रश्नहि त्यांनीं केला. मांसाहार त्यांनीं पत्करला नाहीं. आपणांस स्वतःची विवेकबुद्धि आहे, व ती आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाहीं, हें त्यांनीं नम्रपणें परंतु ठामपणें कळविलें. पहिल्या समाजानें शिकविलेलें जिनें तपासून पाहिलें, तिनें दुसऱ्या समाजानें शिकविलेलेंहि तसेंच तपासून पाहिलें. हा प्रतिध्वनि नव्हे. प्रतिध्वनि कधीं डोंगराशीं वाद घालीत नाहीं.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होतें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचें. फिलाडेल्फिया येथें ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई डॉक्टर झाल्या. तेथें रमाबाईंनीं हिंदु विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, व त्यांच्या कार्यास दहा वर्षें साह्य करण्यासाठीं बोस्टन येथें एक मंडळ उभें राहिलें. स्वदेशीं परतून ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें, आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास हालविलें. या सदनांतील पहिल्यांपैकीं एक विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला. कर्व्यांनीं स्त्रीशिक्षणाचें केवढें कार्य केलें हें सर्वश्रुतच आहे.

सदनांत कोणत्याहि धर्माची सक्ति होणार नाहीं, असें रमाबाईंनीं लोकांस वचन दिलें होतें. रानडे, भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार मंडळांत होते. १८९३ सालीं वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, तेव्हां दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. पालकांनीं आक्षेप घेतला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि वीसपंचवीस मुली घरच्यांनीं काढून नेल्या. पालकांची बाजूहि समजून घेण्यासारखी होती. ज्यांनीं विश्वासानें मुली ठेविल्या त्यांस, प्रेमाचें वजनहि एक प्रकारची सक्तीच होय, असें वाटलें तर नवल नाहीं. रमाबाईंपुढें पेंच होता. वचन मोडावयाचें नव्हतें, आणि आपली श्रद्धा चोरून ठेवावी हेंहि मनास पटत नव्हतें. कोणा मुलीस आपण बोलावणार नाहीं, परंतु आपल्या प्रार्थनेचें दार लावूनहि घेणार नाहीं, असा त्यांचा निर्णय झाला. त्यासाठीं स्नेही गेले, नांव गेलें. या वादांत कोणाचें किती बरोबर हें वाचकांनीं स्वतः ठरवावें. जिला नुसतें आपलें हित पाहावयाचें होतें, तिनें मात्र दार लावून घेतलें असतें.

याच सुमारास त्यांच्या अंतरांत आणखी एक फरक पडला. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला खरा, परंतु ख्रिस्ताची भेट आपणांस झाली नाहीं, अशी रुखरुख त्यांस बरींच वर्षें होती. १८९१ च्या सुमारास त्यांची ही रुखरुख शमली व चित्तास शांति मिळाली, असें त्यांनीं नमूद केलें आहे. वाचकांनीं येथें एक भेद लक्षांत ठेवावा. विवेकबुद्धि आपणांस ऋण दाखविते. तें फेडण्याचें बळ देत नाहीं. ती न्यायाधीश दाखविते. पिता दाखविण्याचें काम तिच्या पलीकडचें आहे. म्हणून ख्रिस्ती विचारांत ती देवाच्या घराची वाट समजली जाते, घर समजली जात नाहीं.

१८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. वर्तमान ऐकतांच वीस वर्षांपूर्वींचा आपला दुष्काळ रमाबाईंपुढें उभा राहिला. जवळ पुरेसा पैसा नव्हता, जागा नव्हती, सदनाची घडीहि नुकतीच बसत होती. त्यांनीं न जाण्यास शंभर कारणें होतीं. तरी त्या गेल्या, आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधामुळें इतक्या जणींस पुण्यांत ठेवतां येईना, म्हणून पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर केडगांव येथें शेतीसाठीं घेतलेल्या जमिनीवर झोंपड्या उभ्या राहिल्या. तेंच मुक्ति सदन. मुंबईहून गुजराथेकडे जाणारा लोहमार्ग आमच्या पालघर-बोईसरवरूनच जातो. त्या गुजराथेंत १९०० सालीं दुष्काळ पडला तेव्हांहि रमाबाईंनीं माणसें पाठवून शेंकडों निराधार मुली आणविल्या. मुक्तींत राहणाऱ्यांची संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. तेथें विणकाम, शेती, तेलाचा घाणा, दुभतीं जनावरें, छापखाना व आंधळ्यांसाठीं शाळा असे उद्योग चालत. ज्यांना अंगमेहनत कमीपणाची वाटली म्हणून आईबाप गमवावे लागले, त्या स्त्रीनें आपल्या प्रत्येक मुलीच्या हातास काम शिकविलें. आणि कृपा सदन नांवाचें एक घर वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं निराळें बांधलें. फुलहॅमचें बीज असें केडगांवांत रुजलें.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत स्त्रियांची जी अवहेलना झाली, तिजविषयीं रमाबाईंनीं मुंबईच्या वर्तमानपत्रांत उघडपणें लिहिलें. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्यांचा रोष परवडणारा नव्हता, तरी जें दिसलें तें त्यांनीं लिहिलें. पूर्वजांची परंपरा, इंग्रज आश्रयदाते, पुण्यांतील मित्र व राज्यकर्ते, या चारहि ठिकाणीं लाभ एका बाजूस होता आणि अंतरींची साक्ष दुसऱ्या बाजूस. चारहि वेळां त्यांनीं एकाच साक्षीचें ऐकिलें.

आतां शेवटची एक शंका. विवेकबुद्धि जर ईश्वराची साक्ष, तर ती चुकते कशी? एकाच गोष्टीस एक पुण्य म्हणतो, दुसरा पाप म्हणतो. सातपाटीच्या किंवा तारापूरच्या तांडेलास हें कोडें नवें वाटणार नाहीं. खोल समुद्रांत किनारा दिसेनासा झाला कीं होकायंत्राची सुई त्याला उत्तर दाखविते. आज उपग्रहांवरून वाट दाखविणारीं यंत्रें नौकांवर आलीं आहेत, तरी होकायंत्राचें तत्त्व बदललेलें नाहीं. त्या सुईशेजारीं लोखंडाचा तुकडा ठेविला तर सुई भलतीकडे वळते. म्हणून उत्तर दिशाच नाहीं असें कोणी तांडेल म्हणत नाहीं. तो लोखंड दूर करतो. अभिमान, भय, लोभ व लोकलज्जा हें आपलें लोखंड होय. दुष्काळांत डोंगरे कुटुंबाची सुई कुलाभिमानानें वळली होती, हें रमाबाईंनीं स्वतःच ओळखलें. ज्या अर्थीं चूक ओळखतां येते, त्या अर्थीं बरोबर असें कांहीं आहे. आणि प्रत्येकानें आपापल्या मनाची आवड हीच दिशा मानली असती, तर चुकलों हा शब्दच भाषेंत आला नसता.

हा पुरावा भूमितीच्या सिद्धान्तासारखा नाहीं, हें आम्ही जाणतों. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हें कबूल करावयास चांगलें वागावें लागत नाहीं. हा पुरावा साक्षीदाराच्या जातीचा आहे. साक्षीदाराचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, आणि त्याचा खरेपणा त्याच्या सांगण्याप्रमाणें वागून पाहिल्यावर अधिक कळतो. ज्यांची श्रद्धा ख्रिस्ती नाहीं अशा आमच्या अनेक वाचकांसहि हा साक्षीदार परका नाहीं. तुकोबारायांनींहि बहुमतापेक्षां मनाच्या साक्षीस अधिक मानिलें. अंतरांत बोलणारा कोण, याचें पूर्ण उत्तर रमाबाईंस ख्रिस्तामध्यें मिळालें. तो बोलतो हें मात्र प्रत्येकास आपल्या घरींच पडताळून पाहतां येतें.

आयुष्याचीं शेवटचीं वर्षें रमाबाईंनीं पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरास वाहिलीं. त्यासाठीं उतार वयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. अल्पशिक्षित स्त्रियांस समजेल अशी सोपी मराठी त्यांस हवी होती. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. जुलै १९२१ मध्यें एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तें दुःख उरांत ठेवून त्यांनीं भाषांतर पुरें केलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें देह ठेविला. संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यांत छापून १९२४ सालीं बाहेर पडलें. भारत सरकारनें १९८९ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलें. केडगांवचें कार्य आजहि चालूं आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण उद्यां बोईसरच्या कारखान्यांत, तारापूरच्या अणुवीजकेंद्रांत, मुंबईच्या कचेऱ्यांत किंवा समुद्रावर कामास लागतील. तेथें तुमच्यावर कोणाची नजर नाहीं असे प्रसंग रोज येतील. वजनांत थोडें कमी भरावें, नोंदवहींत एक आंकडा बदलावा, दुसऱ्यावर आळ जात असतां आपण गप्प राहावें, असें मनांत येईल; आणि त्याच वेळीं आंतून कोणी तरी नाहीं म्हणेल. तो शब्द फार हळू असतो. त्याचें एकदां ऐकिलें तर पुढच्या वेळीं तो अधिक स्पष्ट ऐकूं येतो, आणि एकदां दाबला तर पुढच्या वेळीं तो अधिक क्षीण होतो. पालकवर्गासहि आमची विनंति आहे कीं, मुलानें गुण किती मिळविले हें विचारतांना ते कसे मिळविले हेंहि विचारावें, आणि त्यानें आपण होऊन चूक सांगितली तर त्या दिवशीं शिक्षेपेक्षां त्याच्या धैर्याचा मान अधिक ठेवावा. ईश्वर आहे कीं नाहीं या प्रश्नाचा अभ्यास ग्रंथांतून अवश्य करावा; परंतु त्याचा पहिला पाठ घराघरांतून असाच सुरू होतो.